दळवींच्या बंद घराचा एसी

कावळा दिसला की मी आजही मान खाली घालतो. लोकांना वाटतं, पोरगा लाजाळू आहे. तो तर मी आहेच. पण कावळ्यासमोर कोण लाजतं हो? मी लाजतो. त्याला कारण आहे आणि ते सांगताना अजून माझे कान तापतात. पण तुम्ही आता बसलाच आहात, चहाही उकळायला ठेवलाय, तर ऐका. फक्त मध्ये हसायचं नाही. हसायचं ते शेवटी, मी कप धुवायला आत गेलो की मग.

मी एसीची कामं करतो. नववीत शाळा सुटली. म्हणजे मी शाळेला सोडलं की शाळेने मला, यावर आईचं आणि माझं अजून एकमत नाही. जुईनगरला आम्ही दोघंच राहतो. माणसांपेक्षा माझं मशीनशी बरं जमतं. मशीन कधी विचारत नाही, "मग पुढे काय ठरवलंयस?"

तर पितृपक्ष नुकताच संपला होता. ऑक्टोबरची ती चिकट गरमी. पाटणकर काकूंचा फोन आला.

"भूषण, लगेच ये. माझ्या कुंड्यांवर एसीचं पाणी गळतंय. तुळस कुजली माझी."

पाटणकर काकू स्टेशनजवळच्या एका सोसायटीत सहाव्या मजल्यावर राहतात. ऐकायला जरा कमी येतं, त्यामुळे घरात मालिका एवढ्या मोठ्याने चालू असते की लिफ्टमध्येच कळतं, आज कोणाचं लग्न मोडलंय. मी गेलो, पट्टा कमरेला बांधला, बेडरूमच्या खिडकीतून बाहेर छज्ज्यावर उतरलो. काकूंचा एसी बघितला. कोरडा ठणठणीत.

पाणी येत होतं शेजारच्या पाइपातून.

"काकू, हा तुमचा नाही. दळवींचा गळतोय."

काकूंनी मालिका बंद केली. काकूंनी मालिका बंद केलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"दळवींचा? अरे, ते घर वर्षभर बंद आहे. दळवींचे वडील, नाना, गेले तसे ते नवरा-बायको खांदेश्वरला राहायला गेले."

मी दळवींच्या आउटडोरवर, म्हणजे एसीच्या बाहेरच्या डब्यावर, हात ठेवला. गरम होता. आणि थरथरत होता, मांजराच्या पोटासारखा.

आता मला सांगा, बंद घराचा एसी कोण लावतं?

दळवींच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकलेला होता. बघू नये हे मला कळत होतं. लोकांच्या घरात बघायचं नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. पण मान वळलीच.

आत अंधार. आणि त्या अंधारात पांढऱ्या उजेडाचं एक कडं, भिंतीला न टेकलेलं, नुसतंच तरंगत असलेलं. त्याच्यासमोर एक बाई. तोंड पिठासारखं पांढरं. डोळ्यांत बुबुळांच्या जागी दोन पांढरी वळी. अंगात काळा कोट. आणि कोटाच्या खाली... काही नाही. खरं सांगतो, कमरेखाली काहीच नव्हतं. अंधार.

ती हसली. समोर भिंत होती. भिंतीवर कागदाचे कापलेले दोन डोळे चिकटवलेले होते. त्या डोळ्यांकडे बघून ती हसली, आणि बटण बंद केल्यासारखं हसू एकदम गेलं. मग परत आलं. तेवढंच. तसंच. मग परत गेलं.

मग ती बोलायला लागली. इंग्रजीत. माझं इंग्रजी म्हणजे एसीच्या डब्यावरचं, पण सावकाश बोललं तर समजतं. ती फारच सावकाश बोलत होती.

"सॉरी. आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न केले. पण ते गेले."

थोडं थांबली. मान तिरकी केली. आणि पुन्हा, अगदी त्याच आवाजात, "सॉरी. आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न केले. पण ते गेले."

मग शेवटी, "मला फक्त एक संधी द्या."

कोणाला सांगत होती? त्या कागदाच्या डोळ्यांना.

मी खिडकीतून आत कसा आलो ते मला आठवत नाही. पाना खाली पडला तो अजून तिथेच असेल. कारण तोंड मी ओळखलं होतं. ती केतकीताई होती. आणि केतकीताई अमेरिकेत आहे हे जुईनगरमध्ये कुत्र्यांनाही माहीत होतं!

केतकीताई म्हणजे दळवींची मुलगी. मी नवीनच काम शिकत होतो तेव्हा त्यांच्याकडे गेलो होतो, तर आतल्या पत्र्याने बोट फाटलं. माझा उस्ताद म्हणाला, "चोळ थोडं, थांबतंय." केतकीताई तेव्हा डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने मला खुर्चीत बसवलं, बोट धुतलं, पट्टी बांधली आणि विचारलं, "जेवलायस का?" मी मान हलवली. ती हो होती की नाही हे तिलाही कळलं नाही, मलाही नाही. तिने पोहे आणून दिले. एवढंच. पण कामावर असताना, जेवलास का, असं तोपर्यंत मला कोणी विचारलं नव्हतं.

पाटणकर काकूंना मी विचारलं, "काकू, केतकीताई कुठे असते हो?"

"अमेरिकेत! गेल्या वर्षी गेली ना. पेढे नव्हते का वाटले? तिकडे कसं असतं माहितीये का, इथे डॉक्टर झालं तरी तिकडच्या हॉस्पिटलात पुन्हा काही वर्षं शिकाऊ म्हणून राबायचं. रेसिडेन्सी म्हणतात. जागा थोड्या आणि बाहेरच्या देशांतले डॉक्टर ढिगाने. परीक्षा द्या, मोठ्या डॉक्टरांची शिफारसपत्रं आणा, इंटरव्ह्यू द्या, मग एके दिवशी कळतं, कोणाला जागा मिळाली. नानांना केवढी हौस! लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचे, 'आमची केतकी रेसिडेन्सीला जाणार.' पेपरवाल्याला सांगायचे."

"मग मिळाली का जागा?"

"मिळालीच असणार की. नाहीतर परत नसती का आली?"

हे ऐकून माझ्या पाठीतून बर्फाचं पाणी गेलं. कारण ती परत आली होती. पण अर्धीच.

घरी गेल्यावर आईला सगळं सांगितलं. आई संगमेश्वरची. भुताखेताच्या बाबतीत आई म्हणजे आमच्या गल्लीतली स्पेशालिस्ट. तिने तांदूळ निवडता निवडता विचारलं, "पाय दिसले?"

"नाही."

"पापणी लवली?"

"बुबुळंच नव्हती गं, पापणीचं काय घेऊन बसलीस!"

"एकच वाक्य परत परत?"

"हो."

आईने तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. "काहीतरी राहिलंय तिचं. बोलता बोलता गेली असेल. पण खात्री केल्याबिगर काही बोलू नकोस हो भूषणा. जित्या माणसाबद्दल असं बोलणं बरं नाही."

खात्री! म्हणून मी दुसऱ्या दिवशी खांदेश्वरला गेलो. दळवी काकांचा तिकडचा एसी मीच बघतो. म्हटलं, "काका, सहज आलो, दिवाळीच्या आधी साफ करून देतो."

दार काकूंनी उघडलं. घरात आवराआवर चाललेली. आणि हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर केतकीताईचा फोटो. डॉक्टरचा कोट घातलेला, हसरा.

त्याला चंदनाचा हार.

एसीतून काढलेली जाळी माझ्या हातातून निसटली.

"काकू," मी कसाबसा बोललो, "केतकीताई कशी आहे?"

काकूंच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी खिडकीकडे बघितलं. मग काकू म्हणाल्या, "आहे. तिकडेच आहे. बरी आहे." आणि पदर डोळ्याला लावून आत गेल्या.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भूषण, तिचा विषय सध्या कोणाकडे काढू नकोस. सोसायटीत तर अजिबात नको. आम्हाला अजून लोकांना सांगायचं धैर्य होत नाहीये."

आता तुम्हीच बोला! याच्यावर आणखी काय खात्री हवी? माझ्या जागी तुम्ही असता तर वेगळं काय समजला असता?

मी रस्त्यात रडलो. खोटं कशाला सांगू. खांदेश्वर स्टेशनच्या बाहेर टपरीच्या मागे उभा राहून रडलो. टपरीवाला म्हणाला, "ब्रेकअप?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पुढचे काही दिवस मी पाटणकर काकूंकडे काही ना काही निमित्त काढून जात होतो. गॅस बघतो, पंखा बघतो. काकू खूश. संध्याकाळी साडेपाचला शेजारचा एसी सुरू व्हायचा. नेमका. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. मग भिंतीला कान लावला की तो आवाज. तेच सॉरी. तेच ते गेले. तीच एक संधी. एकदा पलीकडून ती तशाच हसऱ्या आवाजात म्हणाली, "माझा सर्वांत मोठा दोष म्हणजे मी फार मेहनत करते." मेल्यावरसुद्धा बिचारी दोष मोजत होती!

एकदा वॉचमनकाकांना विचारलं, "दळवींकडे कोणी येतं का?" ते म्हणाले, "दळवीबाई येते झाडलोटीला. पिशवी घेऊन. तुला काय करायचंय?" पिशवीत डबा असतो म्हणे. म्हणजे आई मेलेल्या मुलीसाठी डबा आणत होती.

शेवटी आईनेच मार्ग काढला.

"कावळ्याला ठेव तिच्या नावाने. दहाव्याला कावळा शिवला नसणार, म्हणून अडकलीय. भाताचा पिंड ठेवायचा, हात जोडायचे, आणि तिचं जे राहिलंय ते पुरं करायचा शब्द द्यायचा. खरा शब्द सापडला की कावळा शिवतो."

"पण मी तिचा कोण?"

"पोहे खाल्लेस ना तिच्या हातचे? मग?"

आईने भात केला, काळे तीळ घातले, वर दही. डब्यात भरून दिला. "उन्हं असताना ठेव. कावळे घरट्याकडे वळायच्या आधी."

म्हणून तो दिवस. पाटणकर काकूंना म्हटलं, तुमच्या आउटडोरचा स्टँड हलतोय. काकूंनी मालिका लावली. मी पट्टा बांधून छज्ज्यावर उतरलो. समोर रेल्वेच्या कारशेडवर पिवळं ऊन पडलेलं, पारसिकचा डोंगर धुरकट. दळवींचा एसी चालू. पडदा पूर्ण लागलेला, पण काच आज वीतभर उघडी. आतून आवाज येत होता, आणि आज तिच्यासोबत दुसरेही आवाज होते. बाईचा एक, बुवाचा एक. लांबून आल्यासारखे, डब्यातून आल्यासारखे.

तिला न्यायला आले होते!

घाई करायला हवी होती. मी पिंड तिच्या आउटडोरवर ठेवला. हात जोडले. समोरच्या पाण्याच्या टाकीवर कावळे होतेच. पितृपक्षात सोसायटीने लाडावून ठेवलेले, एकेक कोंबडीएवढा. एक आला. पिंडापासून हातभर लांब बसला. मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं.

"केतकीताई," मी हळू आवाजात म्हटलं, "काका-काकूंची काळजी करू नका. मी येऊन जाऊन असेन."

कावळा हलला नाही.

"त्यांच्या एसीची सर्व्हिसिंग मी आयुष्यभर फुकट करीन."

कावळ्याने चोच घासली. पण शिवला नाही.

"दोन्ही घरांची करीन."

ढिम्म.

"पाटणकर काकूंना तुमच्याबद्दल काही वाईट बोलू देणार नाही." हे माझ्या आवाक्यातलं नव्हतं, कावळ्यालाही ते माहीत असावं. त्याने तोंड फिरवलं.

आत तो डब्यातला बाईचा आवाज काहीतरी विचारत होता. केतकीताई उत्तर देत होती, तेच सपाट, तेच पाठ. "आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न केले. पण ते गेले." ऊन उतरत होतं. मला एकदम कळलं, तिचं काय राहिलंय. साऱ्या बिल्डिंगला माहीत होतं, नाना लिफ्टमध्ये सांगायचे तेच. पण तो शब्द मी कसा देणार? मी नववी! मला तर रेसिडेन्सी नीट लिहिताही येत नाही.

मी डोळे मिटले आणि जीव खाऊन ओरडलो,

"ताई, तुम्हाला अमेरिकेत जागा मिळणार! रेसिडेन्सी मिळणार म्हणजे मिळणार! हा भूषणचा शब्द आहे! आता जा! मोकळ्या व्हा!"

कावळा झडप घालून आला. शिवला! नुसता शिवला नाही, अर्धा पिंड उचलला. आणि मग टाकीवरचे सगळे आले. काव काव काव, पंख, भात, तीळ. त्यातला एक चोचीत भात धरून वीतभर उघड्या काचेतून सरळ आत शिरला.

आतून किंकाळी आली.

भुताची किंकाळी कशी असते सांगू? अगदी माणसासारखी असते. "आई गं! अगं बाई! हाड! हाड! कोण आहे रे तिकडे?"

पडदा सर्रकन सरकला. समोर केतकीताई. अंगात काळा कोट. खाली काळी, ढगळ, झोपायची विजार. आणि विजारीच्या खाली पाय. दोन्ही. पायात बदकाच्या तोंडाच्या चपला.

मी छज्ज्यावर, हात जोडलेले, गालावर पाणी, डोक्यावर भात.

"तू... तू एसीवाला ना? भूषण?"

"ताई, तुम्हाला माझं नाव आठवतंय?" मी हुंदका दिला. "घाबरू नका ताई. कावळा शिवलाय. तुम्ही आता जाऊ शकता."

"कुठे जाऊ?"

"वर."

तिने वर बघितलं. मग माझ्याकडे. मग पिंडाकडे. तीळ, दही, सगळं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी सांगू शकत नाही, पण ते बटणाचं हसू नव्हतं एवढं नक्की.

"अरे गाढवा," ती दात आवळून म्हणाली, "मी इंटरव्ह्यू देतेय! यंदा आलेला एकमेव इंटरव्ह्यू!"

माझ्या पायाखालचा छज्जा गेला असता तर बरं झालं असतं. तो गेला नाही. बांधकाम चांगलं आहे त्या सोसायटीचं.

तिच्या मागे टेबलावर लॅपटॉप होता. त्याच्यासमोर तो गोल दिवा, व्हिडिओवाले लावतात तसला. डोळ्यांतली पांढरी वळी त्याचीच. लॅपटॉपच्या वर भिंतीवर ते कागदी डोळे, नजर इकडेतिकडे जाऊ नये म्हणून चिकटवलेले. आणि पडद्यावर एक पांढऱ्या केसांच्या बाई आणि एक टायवाले बुवा. दोघंही खुर्चीतून पुढे वाकून बघत होते. त्यांच्या पुढ्यात, इकडच्या पुस्तकांच्या कपाटावर, कावळा बसून भात खात होता.

त्या बाईंनी काहीतरी विचारलं. केतकीताईने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, संपलं. माझ्यामुळे संपलं. एका माणसाने पोहे दिले आणि मी त्याच्या आयुष्याचं वाटोळं केलं.

मग ती वळली आणि त्यांना सांगायला लागली. सावकाश नाही, धडाधडा. हात हलवत. मला अर्धंमुर्धं कळलं. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी भात ठेवतात. कावळा शिवला नाही की घरचे समजतात, त्याचं काहीतरी राहिलंय. मग एकेक जण पुढे होतो आणि विचारतो, तुला काय हवं होतं? मुलीचं लग्न? घराचं काम? शब्द देत जातात. आणि हा माणूस मी मेले असं समजून मला शब्द देतोय.

टायवाले बुवा खोकले. पांढऱ्या केसांच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं आणि केतकीताईने मला मराठीत सांगितलं, "त्या विचारतायत, तू मला काय शब्द दिलास?"

मी मान खाली घातली. "रेसिडेन्सीचा."

तिने तसंच सांगितलं. मग म्हणाली, "आणि विचारतायत, तू हे का केलंस? इकडे ये. त्यांना दिसायला हवास."

आता बघा! शाळेत फळ्यासमोर उभं केलं तर माझी वाचा जायची. आणि इथे सहाव्या मजल्यावर, पट्ट्याने लोंबकळत, खिडकीतून अर्ध्या शरीराने आत जाऊन, अमेरिकेच्या डॉक्टरांसमोर बोलायचं! मी बोट पुढे केलं. त्याच्यावर अजून वण आहे. म्हटलं, "हे फाटलं होतं. ताईंनी बांधलं. आणि विचारलं, जेवलायस का. म्हणून." मग मी नमस्कार केला. बाईंनीही केला. कावळ्याने टायवाल्यांच्या तोंडासमोरून उड्डाण केलं आणि बाहेर गेला.

त्यानंतरही इंटरव्ह्यू बराच वेळ चालला म्हणे. मी पाटणकर काकूंच्या बाथरूममध्ये दार लावून बसलो होतो.

रात्री केतकीताईनेच सगळं उलगडून सांगितलं, दळवी काका-काकू येऊन बसल्यावर. गेल्या वर्षी ती तिकडे गेली ती नुसती हॉस्पिटलात उभं राहून काम बघायला, शिफारसपत्रं मिळवायला. लोकांनी समज करून घेतला, नोकरी लागली. मग जागा मिळालीच नाही. परत आली. पेढे तर वाटून झालेले! आता कोणाला काय सांगणार? म्हणून बंद घरात गुपचूप राहिली, पुन्हा अर्ज केले आणि रोज तिकडच्या सकाळी, म्हणजे इकडच्या साडेपाचला, कोट घालून सराव करायची. ऑक्टोबरात कोट घातल्यावर एसी लावणारच ना माणूस? वाईट बातमी रुग्णाच्या घरच्यांना कशी सांगाल, हा प्रश्न हमखास येतो म्हणून तेच वाक्य घोटायची.

"आणि तो हार?" मी काकूंना विचारलं.

"नानांच्या फोटोची काच बदलायला दिली होती रे. हार कुठे ठेवायचा म्हणून तिच्या फोटोला अडकवला."

केतकीताई म्हणाली, "तू मला बघून घाबरलास ना? गेल्या वर्षी इंटरव्ह्यू घेणारे सगळेच असे घाबरले असतील. आज त्या बाई म्हणाल्या, कावळा येईपर्यंत तुझी रेकॉर्ड वाजतेय असंच मला वाटत होतं."

मार्चमध्ये निकाल लागला. तिला जागा मिळाली. त्याच बाईंच्या हॉस्पिटलात. यंदाचे पेढे खरे होते आणि पहिला पेढा दळवी काका मला द्यायला स्वतः जुईनगरला आले. आईसमोर बसले आणि हळूच म्हणाले,

"भूषण, तुला एक सांगायचं होतं. नाना गेले तेव्हा त्यांच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. दुपारपर्यंत थांबलो. सगळे शब्द देऊन झाले. केतकीचं लग्न करू, तिला सांभाळू, सगळं. पण तिला जागा मिळेल असं कोणी म्हणालं नाही. म्हणणार कसं? ते आमच्या हातात कुठे होतं? शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं." त्यांनी पेढ्यांचं झाकण लावलं. "त्या खोलीतच गेले नाना. त्याच खिडकीजवळ."

आईने माझ्याकडे बघितलं. बाहेर तारेवर एक कावळा बसला होता. जिवंत माणसाच्या नावाने ठेवलेल्या पिंडाला मग शिवलं कोण?

पेढा अजून माझ्या हातात असताना काका उठले आणि दारात चपला घालता घालता म्हणाले, "बरं, उद्या ये. दोन्ही घरचे एसी साफ करायचेत."

"येतो. किती वाजता?"

"कधीही ये. आयुष्यभराचं ठरलंय ना आपलं? केतकी सांगत होती. खिडकीतून सगळं ऐकलंय तिने."

"काका!" मी कळवळून म्हटलं. "पण त्या वाक्याला कावळा शिवला नव्हता हो!"

काका शांतपणे म्हणाले, "कावळा नाही म्हणाला का? नाही ना? मग नाना विचार करत असतील."

तेव्हापासून दर दिवाळीआधी मी त्या छज्ज्यावर असतो. दोन घरं, फुकट. आणि समोरच्या टाकीवरून एक कावळा उठून आउटडोरवर येऊन बसतो, हातभर लांब, मान वाकडी करून. मी त्याला कामाचं काही विचारत नाही, तो मला काही सांगत नाही. मी फक्त मान खाली घालतो, आणि स्वच्छ झालेली जाळी गुपचूप पुन्हा एकदा धुतो.